पाळणा कुठे ठेवायचा?

आमच्या घराच्या मधल्या खोलीत छताला एक लोखंडी कडी आहे. 1999 साली स्लॅब पडायचा होता तेव्हा सासऱ्यांनी ती मुद्दाम सळईत अडकवून घेतली. माझं लग्न होऊन जेमतेम दोन महिने झाले होते. "पाळणा आज ना उद्या लागणारच. तेव्हा काय स्लॅब फोडत बसायचं?" असं ते मिस्त्रीला म्हणाले आणि मी लाजून आत पळाले. पुढे त्या कडीला माझी दोन्ही मुलं झुलली. मुलं मोठी झाली तशी कडी रिकामी झाली. ईदच्या आधी तिला झिरमिळ्यांची माळ बांधायची, एवढंच तिचं काम उरलं.

गेल्या एप्रिलमध्ये लेक पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली. तिच्या पाठोपाठ जावयांनी ऑनलाइन मागवलेला एक भला मोठा खोका आला. आत लाकडी कठड्यांचा पलंग होता, चार फूट लांब आणि सव्वादोन फूट रुंद. इंग्रजीत त्याला क्रिब म्हणतात. मराठीत आपण त्यालाही पाळणाच म्हणतो, पण हा झुलत नाही, चार पायांवर उभा राहतो. त्यासोबत कापसाची गुबगुबीत गादी, कठड्यांना आतून बांधायच्या मऊ पट्ट्या, फुलाच्या आकाराची उशी आणि एक कापडी हत्ती होता. लेकीने फोनवर एका परदेशी घरातल्या बाळाच्या खोलीचं चित्र दाखवलं. भिंतीवर ढग रंगवलेले, खिडकीला पांढरा पडदा, खिडकीखाली हा असाच पाळणा.

आमच्या घरात बाळाची खोली नाही. मधली खोली, आतली खोली, स्वयंपाकघर आणि गच्चीवर पत्र्याची एक खोली, इतकंच घर आहे. त्यात आम्ही दोघं, मुलगा आणि अब्बांच्या इंतकालनंतर आमच्याकडे राहायला आलेली माझी अम्मी. सोलापूरचा एप्रिल असल्यामुळे गच्चीवरच्या खोलीचा प्रश्नच नव्हता. दुपारी तिथे माणूस भाजून निघतो. उरल्या दोन खोल्या. पाळणा कुठे ठेवायचा, यावर घरात आठवडाभर बैठक चालली.

मुलाचं म्हणणं, आतल्या खोलीत खिडकीखाली ठेवा, समोरून कूलरची हवा येईल. ह्यांचं म्हणणं, पलंग परत पाठवा, कडीला आपला जुना पाळणा लावा, वडिलांनी ती त्यासाठीच बसवली आहे. शेजारच्या काकू डोकावल्या. त्या म्हणाल्या, "कुठेही ठेव, पण बाळाचं डोकं उत्तरेला नको हं." लेकीला तर चित्रातल्यासारखीच खोली हवी होती.

अम्मी तसबीह फिरवत ऐकत होती. शेवटी म्हणाली, "कुठे बी रखो, पन पाँव काबे के तरफ नक्को." आमची दखनी अशीच आहे. मराठीतला 'नको' तिच्यात जाऊन 'नक्को' झाला आणि घरचाच झाला.

काबा म्हणजे आपल्याकडून पश्चिम, किंचित उत्तरेकडे झुकलेली. पश्चिमेला पाय नकोत तर डोकं पूर्वेला येता कामा नये. काकूंच्या हिशेबाने ते उत्तरेलाही नको. मग डोक्यासाठी पश्चिम आणि दक्षिण अशा दोनच दिशा उरल्या. मी वर्गात मुलांना घालावं तसं हे गणित घातलं आणि सगळे हसले. अम्मी हसली नाही. मी खिडकीखालची जागा मोजायला टेप घेऊन गेले तेव्हा ती मागून आली आणि तिने विचारलं, "इथे ठेवलं तर पाय कुठे येतील?" मी सांगितलं, "पश्चिमेला." तिने माझ्या हातातला टेप घेतला आणि गुंडाळून ठेवला.

खरं सांगायचं तर मला राग आला. घरात हातभर जागा नाही आणि हिचं दिशेचं चाललंय, असं वाटलं. "अम्मी, दोन किलोचं बाळ असेल ते. त्याला किब्ला काय कळणार?" मी बोलून गेले. ती काही न बोलता वजू करायला उठून गेली.

दुसऱ्या दिवशी लेकीला तपासणीसाठी नेलं होतं. त्याच दवाखान्यात लहान मुलांच्या डॉक्टर बसतात. वाद मिटावा म्हणून मी त्यांनाच विचारलं, "मॅडम, पाळणा कुठे ठेवावा?" मला वाटलं होतं त्या खिडकी किंवा पंख्याबद्दल बोलतील. त्यांनी उलट मलाच विचारलं, "रात्री आई कुठे झोपणार आहे?"

मी म्हटलं, "आतल्या खोलीत."

"मग पाळणाही तिथेच. तिच्या पलंगाला लागून. निदान पहिले सहा महिने. बाळ आईच्याच खोलीत हवं, पण झोपायची जागा त्याची स्वतःची हवी."

आम्ही आठवडाभर भिंती, खिडक्या आणि दिशा मोजत होतो. आई रात्री कुठे असेल हे कुणी विचारलंच नव्हतं. तिथून हात लांबवला तर बाळापर्यंत पोचायला हवा, दुधासाठी उठून दुसऱ्या खोलीत जायला लागू नये, श्वासाची घरघर ऐकू यायला हवी. एवढं ठरलं की अर्ध्याहून जास्त जागा आपोआप बाद होतात.

बाकीच्या डॉक्टरांनी सांगितलं. खिडकीखाली पाळणा नको. पडद्याची दोरी लोंबते, ती बाळाच्या गळ्यात अडकू शकते. कूलरचा झोत अंगावर सरळ येतो. पुढे बाळ धरून उभं राहायला लागलं की खिडकी त्याच्या हाताशी येते. ज्या कपाटावर बॅगा आणि डबे रचलेले असतात, त्याच्या खालीही नको. बोर्ड, प्लग आणि वायरी हातभर तरी लांब हव्यात. पाळण्याच्या दोन कठड्यांमधली फट साधारण सहा सेंटिमीटरपेक्षा जास्त नसावी, नाहीतर अंग त्यातून निसटतं आणि डोकं अडकतं. गादी सपाट आणि टणक हवी, तिच्यावर ताणून बसवलेली चादर, बस्स. उशी, मऊ पट्ट्या, दुलई, कापडी हत्ती काही नको. राईची उशीसुद्धा नको. कापडाची झोळी रात्रभरासाठी नको, तिच्यात बाळ वाकून झोपतं आणि हनुवटी छातीला लागून श्वास अडू शकतो. दिवसा मोठं माणूस जवळ बसलं असेल तर कडीच्या पाळण्यात चार झोके देणं निराळं.

"आणि बाळाला झोपवायचं ते पाठीवर," त्या उठता उठता म्हणाल्या. "कुशीवर नाही, पोटावर तर नाहीच."

लेकीला दूध उलटून घशात जाईल अशी भीती वाटत होती. डॉक्टरांनी कागदावर दोन नळ्या काढून दाखवल्या. बाळ पाठीवर असताना श्वासनलिका वर आणि अन्ननलिका खाली असते. वर आलेलं दूध खालच्या नळीत परत जातं. पोटावर झोपवलं की हीच रचना उलटी होते.

घरी येऊन मी हे सगळं सांगितलं. दक्षिणेच्या भिंतीला लेकीचा पलंग, त्याला लागून पाळणा, दोघांचीही डोकी दक्षिणेला. त्या जागी उभं असलेलं लोखंडी कपाट मधल्या खोलीत हलवायचं. पाय उत्तरेला, म्हणजे अम्मी खूश. डोकं उत्तरेला नाही, म्हणजे काकू खूश. मला वाटलं प्रश्न मिटला. शेवटी मी पाठीवर झोपवायचं सांगितलं तेव्हा अम्मीने विचारलं, "पोटावर का नाही?"

मी सहज बोलून गेले, "पोटावर झोपवलेली काही बाळं झोपेतच जातात, अम्मी. कारणही सापडत नाही."

अम्मीची तसबीह थांबली.

ईशाच्या नमाजनंतर ती मुसल्यावरून उठलीच नाही. मी शेजारी जाऊन बसले. बऱ्याच वेळाने तिने मुन्नाचं नाव काढलं.

मुन्ना माझ्या पाठचा भाऊ. 1985 च्या हिवाळ्यात तो तीन महिन्यांचा होता आणि मी आठ वर्षांची. एका सकाळी मी शाळेतून परत आले तेव्हा दारात चपलाच चपला होत्या. अम्मीला बायकांनी धरून ठेवलं होतं आणि अब्बांच्या हातात पांढऱ्या कापडातलं काहीतरी लहानसं होतं. इतकंच मला आठवतं. नंतर घरात त्याच्याबद्दल कुणी बोललं नाही. मी मोठी झाले, बाळंतपणासाठी अम्मीकडे आले, तेव्हा तिने पाळणा लावलाच नाही. चिल्ल्याचे चाळीस दिवस बाळ तिच्या मांडीवर किंवा माझ्या कुशीत होतं. मी त्याला रीत समजले होते.

त्या रात्री अम्मीने जे सांगितलं ते मी प्रथमच ऐकत होते. मुन्नाला सर्दी झाली होती, पोटात वात धरत होता. एका जाणत्या बाईने सांगितलं, पोटावर झोपव, वारा सरेल. अम्मीने त्याला पोटावर निजवून पाळणा आतल्या खोलीत ठेवला, बाहेर पाहुणे होते म्हणून. ती भाकऱ्या करत होती. उठला कसा नाही म्हणून बघायला गेली. मयतीला आलेल्या बायकांपैकी कुणीतरी पाळण्याकडे बघून म्हणालं, "पाय काब्याकडे होते गं." हे वाक्य अम्मीने उराशी धरून चाळीस वर्षं काढली होती. आपण बेअदबी केली, म्हणून अल्लाहने बाळ परत नेलं, असं ती समजत होती. तिने हे अब्बांनाही सांगितलं नव्हतं.

आणि आता तिच्या समोर मी बसले होते. दिशेचं ओझं तिच्या डोक्यावरून उतरवावं म्हणून मी तोंड उघडलं असतं, तर त्याच तोंडाने दुसरं ओझं ठेवलं असतं. तिने आधीच विचारलं, "म्हणजे माझ्या हातून झालं?"

मी शिक्षिका आहे. मुलाचं उत्तर चुकलं तर त्याला चूक कशी सांगायची, हे मी बावीस वर्षं करत आले आहे. पण आईला काय सांगायचं हे मला त्या क्षणी सुचलं नाही. मी फक्त तिचा हात धरून बसले. रात्री झोप आली नाही. फोनवर मी वाचत राहिले.

जे वाचलं ते सकाळी चहा देताना तिला सांगितलं, जसं आहे तसं. मुन्ना कशाने गेला हे आज कुणालाच सांगता येणार नाही. पोटावर झोपवल्याने धोका वाढतो, हे खरं. पण 1985 मध्ये हे बहुतेक डॉक्टरांनाही माहीत नव्हतं. उलट अमेरिकेत ज्या पुस्तकावर घराघरांतली मुलं वाढली, त्या डॉ. बेंजामिन स्पॉक यांच्या 1946 च्या पुस्तकाच्या पुढच्या आवृत्त्यांत बाळाला पोटावर झोपवणं चांगलं असं लिहिलेलं होतं. कारणही दिलं होतं, पाठीवर असताना उलटी झाली तर घशात अडकेल. लाखो शिकलेल्या आयांनी ते वाचलं आणि तसंच केलं. नंतर अभ्यास झाले. ब्रिटनमध्ये 1991 साली आणि अमेरिकेत 1994 साली बाळांना पाठीवर झोपवा अशी मोहीम सरकारनेच काढली आणि असे मृत्यू निम्म्याहून खाली आले. तोपर्यंत मुन्नाला जाऊन सहा वर्षं उलटली होती.

"म्हणजे त्यांनाही माहीत नव्हतं?" अम्मीने विचारलं.

"डॉक्टरांना माहीत नव्हतं अम्मी. तुला कोण सांगणार होतं?"

तिने बशीत चहा ओतला, पण प्याली नाही. "आणि पाय?" ती म्हणाली.

याचं उत्तर माझ्याकडे होतं, पण माझ्या तोंडून ते तिला पुरलं नसतं. म्हणून जुम्म्यानंतर ह्यांनी मशिदीच्या मौलानांना घरी बोलावलं. अम्मी पडद्याआड बसली आणि तिने स्वतःच प्रश्न विचारला. मौलाना शांतपणे म्हणाले, काब्याकडे मुद्दाम पाय न करणं हा आपल्या मुल्कातला अदब आहे, चांगला आहे, पाळावा. पण बेअदबीला नियत लागते. हनफी फिकहमध्ये तर उठता न येणाऱ्या आजारी माणसाने पाठीवर पडून, पाय किब्ल्याकडे करून नमाज पढावी असं सांगितलं आहे, कारण तसं केलं की त्याचा चेहरा किब्ल्याकडे होतो. जमलं तर गुडघे थोडे उभे करावेत, इतकंच. ज्या स्थितीत नमाज कबूल होते, त्या स्थितीत झोपलेल्या बाळाला अल्लाह सजा देईल का?

मग ते थांबून म्हणाले, "आपा, हदीस तुम्हाला माहीत असेल. झोपलेल्या माणसावरून तो उठेपर्यंत आणि लहान मुलावरून ते मोठं होईपर्यंत कलम उचललेली असते. त्यांचं काही लिहिलं जात नाही. तुमचा बच्चा लहानही होता आणि झोपलेलाही होता."

पडद्याआडून आवाज आला नाही. मौलाना गेल्यावर मी आत गेले तर अम्मी रडत होती. चाळीस वर्षांपूर्वी बायकांनी धरून ठेवलेलं ते रडणं मी पहिल्यांदा मोठ्या वयात पाहिलं. मी तिला धरलं नाही, रडू दिलं.

त्याच रविवारी आम्ही कपाट हलवलं. मुलाने पाळण्याचे स्क्रू आवळले आणि कठड्यांमधली फट पट्टीने मोजली, पाच सेंटिमीटर भरली. गुबगुबीत गादीऐवजी गादीवाल्याकडून घट्ट भरलेली सपाट गादी करून घेतली, कडेला बोटभरसुद्धा फट राहणार नाही अशी. मऊ पट्ट्या आणि उशी खोक्यात परत गेली. हत्ती लेकीने शोकेसमध्ये ठेवला. मच्छरदाणी पाळण्याच्या वरून ताणून बांधली, लोंबणार नाही अशी. कूलर दुसऱ्या खिडकीत लावला. ढग रंगवायचे राहूनच गेले. ह्यांच्या समाधानासाठी कडीला जुना पाळणाही घासूनपुसून टांगला, पण तो दिवसासाठी आणि कुणी शेजारी बसलेलं असेल तेव्हाच.

जूनमध्ये नात झाली. जावयांनी तिच्या उजव्या कानात अजान दिली. सातव्या दिवशी अकीका झाला, जावळ काढलं, केसांच्या वजनाइतक्या चांदीची रक्कम सदका दिली. दुपारी काकू येऊन कडीच्या पाळण्याला झोका देऊन गेल्या, त्यांच्या पद्धतीने पाळणाही गायल्या. आमच्या बायकांनी दखनीत झूला म्हटला. दोन्हींची चाल बरीचशी सारखी वाटली.

दवाखान्यातून घरी आलो त्या पहिल्या रात्री लेक दमून झोपली होती. बाळ माझ्या हातात होतं. अम्मी दारात उभी होती. जवळ आली नाही. मी म्हटलं, "अम्मी, तू निजव हिला." तिने मान हलवून नाही म्हटलं. मी तरी बाळ तिच्या हातात दिलं.

तिने पाळण्याजवळ जाऊन आधी चादरीवरून हात फिरवला, एखादी सुरकुती राहिली आहे का बघितलं. मग बिस्मिल्लाह म्हणून बाळाला पाठीवर ठेवलं. डोकं दक्षिणेला, पाय उत्तरेला. बाळाने दोन्ही हात डोक्याशी वर टाकले, लहान बाळं टाकतात तसे. अम्मी बराच वेळ तिचं पोट वरखाली होताना बघत राहिली. मी म्हटलं, "आता तूही पड."

"हौ," ती म्हणाली. आणि मग, जणू रोजचंच काही सांगावं तसं म्हणाली, "मुन्ना असता तर आज चाळीशीचा असता. मामा झाला असता."

आमच्या घरात त्याचं नाव आता निघतं. लहानपणी गेलेली मुलं जन्नतमध्ये हजरत इब्राहिम अलैहिस्सलाम यांच्या सांभाळात असतात, ही हदीस अम्मी लेकीला परवा सांगत होती. ही हदीस तिला आधीपासून माहीत होती. पण आपल्या मुलाला ती लागू आहे, असं तिला आता वाटायला लागलं असावं.

पाळणा कुठे ठेवायचा, असं मला आता कुणी विचारलं तर मी डॉक्टरांचाच प्रश्न पुढे करते, रात्री आई कुठे झोपणार? आणि घरात कुणी म्हातारी बाई दिशेवरून अडून बसली असेल, तर टेप बाजूला ठेवून तिला एकदा विचारा, तुझ्या वेळी पाळणा कुठे होता?